बोलोन्यातील भाषाशाळांत इंग्रजी शिकवून पोट भरता येते का?

अनुस्वार

नमस्कार. माझ्या पतींना इटलीतील बोलोन्या विद्यापीठात तीन वर्षांचे संशोधनपद मिळाले असून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे तिकडे जात आहोत. मी इंग्रजी विषयात एम. ए. आणि बी. एड. केले आहे. कनिष्ठ महाविद्यालयात आठ वर्षे शिकवले, त्यांतली पहिली पाच तासिका तत्त्वावर. त्यामुळे महिन्याच्या शेवटी नेमके किती पैसे हाती पडतील हे ठाऊक नसण्याची मला चांगलीच सवय आहे, पण ती सवय परदेशात पुन्हा लावून घ्यावी का, हे ठरवायचे आहे.

बोलोन्यात प्रौढांना आणि शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या खासगी भाषाशाळा बऱ्याच दिसतात, मात्र त्यांच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ‘माद्रेलिंग्वा’, म्हणजे इंग्रजी ही मातृभाषा असलेला शिक्षक, अशी अट असते. माझी मातृभाषा मराठी आहे आणि ते लपवण्याची माझी इच्छा नाही. कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर मला काम करता येईल का, या शाळा आपल्यासारख्यांना खरोखर उभे करतात का, आणि मिळकतीवर घरखर्चाचा निदान काही भाग विसंबून ठेवता येईल का, हे तिथे राहिलेल्यांनी सांगावे. सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांसाठीचा केंब्रिजचा अभ्यासक्रम महाग आहे. तो निघण्यापूर्वी करावा की तिथली परिस्थिती पाहून, याबद्दलही मत हवे आहे. माझे इटालियन अजून दुकानात चार वस्तू मागण्यापुरतेच आहे.

पडवी

मी बोलोन्यात अकरा वर्षे राहते आणि त्यांतली नऊ वर्षे इंग्रजी शिकवण्यात गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

परवान्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्यावर, ज्याला इथे ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो पेर मोतीवी फामिलियारी’ म्हणतात, नोकरीही करता येते आणि स्वतंत्र व्यवसायही. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. इटलीत पोहोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत प्रक्रिया सुरू करावी लागते, अर्जाला १६ युरोंचे मुद्रांक तिकीट लागते आणि पुढे बोटांचे ठसे देण्यासाठी क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, जावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी तुमचे सगळे बळ त्यातच आहे. युरोपीय संघाबाहेरच्या एकट्या शिक्षकाला कामाचा व्हिसा हवा असेल तर बहुतेक वेळा सरकार ठरवून देते त्या कोट्यातून जावे लागते, आणि एका शिक्षकासाठी ती यातायात करण्याची भाषाशाळांची तयारी नसते. २०२१ पासून ब्रिटिश नागरिकही त्याच रांगेत आले. पूर्वी पदवी घेऊन एखाद-दुसरे वर्ष इटलीत काढायला येणाऱ्या ब्रिटिश तरुणांवर या शाळा चालत असत. तो ओघ आटला. म्हणून आपल्या परिचयपत्राच्या अगदी पहिल्या ओळीत, शिक्षणाच्याही आधी, ‘कामासाठी व्हिसाची गरज नाही’ असे लिहा.

‘माद्रेलिंग्वा’बद्दल मात्र मी तुम्हाला गोड बोलणार नाही. पहिल्या वर्षी मी वीस-बावीस शाळांना ईमेल पाठवले आणि दोनच उत्तरे आली. एका शाळेच्या संचालिकेने फोनवर माझ्याशी अर्धा तास इंग्रजीत चांगल्या गप्पा मारल्या, आडनाव विचारले, आणि मग जागा कालच भरली गेल्याचे सांगितले. हे असे घडते, आणि ते आपल्या इंग्रजीच्या दर्जाशी संबंधित नसते. जाहिरातीतला तो शब्द बऱ्याचदा पालकांना दाखवण्यासाठी असतो. सरकारी शाळांच्या प्रकल्पांसाठी जे बाहेरचे ‘मातृभाषक तज्ज्ञ’ नेमतात, त्यांच्या अटी तर अधिक काटेकोर असतात. प्राथमिक शाळेपासून पदवीपर्यंतचे शिक्षण त्या भाषेच्या देशात झालेले असावे, अशी व्याख्या अनेक जाहीर सूचनांत आढळते. तिकडे सुरुवातीला वेळ घालवू नका. सरकारी शाळेतल्या कायम शिक्षकाला पात्रता आणि स्पर्धा परीक्षा, दोन्ही इटालियनमधून पार कराव्या लागतात, तेव्हा तोही विषय सध्या बाजूलाच ठेवा.

माझ्यासाठी दार उघडले ते परीक्षांमुळे. इथले पालक आणि विद्यापीठातले विद्यार्थी ‘इंग्रजी’साठी फारसे पैसे देत नाहीत, ते प्रमाणपत्रासाठी देतात: शाळकरी मुलांना केंब्रिजचे बी-वन प्रिलिमिनरी किंवा बी-टू फर्स्ट, लहानांना ट्रिनिटीच्या तोंडी परीक्षा, बाहेर शिकायला जाणाऱ्यांना आयेल्ट्स. आता बी-टू फर्स्टच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असतो. दिलेला शब्द न बदलता, दोन ते पाच शब्दांत वाक्याचा अर्थ तोच ठेवून रचना बदलायची. आपण ज्याला ‘डू ॲज डायरेक्टेड’ म्हणत आलो तेच हे. ‘टू’ काढा, ‘अनलेस’ वापरा, कर्मणी करा, यात आपले बालपण गेले आहे आणि तुमची तर आठ वर्षांची नोकरीही. माझ्या आयरिश सहकाऱ्याला योग्य उत्तर कानाने कळायचे, पण ते का योग्य आहे हे मुलांना सांगता येत नसे. तो मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायचा. परीक्षेचा वर्ग घेऊ शकणारा आणि जून संपेपर्यंत तो न सोडणारा शिक्षक शाळांना हवा असतो, हे लक्षात ठेवून ईमेलवर विसंबू नका. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः शाळेत जा आणि चाचणी तास मागा. वर्गांची नोंदणी तेव्हाच चालू असते आणि वेळापत्रकात भोके पडलेली असतात.

दिवस कसा असतो तेही सांगते. सकाळ जवळजवळ रिकामी, दुपारी जेवणाच्या वेळेत एखादा कार्यालयातला तास, आणि मग साडेचार ते साडेआठ सलग मुले व प्रौढ. ऑगस्टमध्ये शहर बंद असते. जून-जुलैत मुलांची उन्हाळी शिबिरे असतात, त्यांत शिकवण्यापेक्षा गाणी आणि खेळच अधिक. मी दोन उन्हाळे ती केली, पुन्हा करणार नाही.

हिशेबनीस

मी शिक्षक नाही. पत्नी मिलानमध्ये हेच काम करते आणि तिचे कागद मी सांभाळतो. शहर बदलले तरी करांचे नियम तेच आहेत, म्हणून केवळ पैशांबद्दल लिहितो. आकडे २०२५ सालच्या दरांनुसार आहेत.

शाळा तीनपैकी एका प्रकारे ठेवतात. पगारी करार असेल तर तेरावा पगार, भरपगारी रजा आणि नोकरी सुटताना मिळणारी संचित रक्कम हे सगळे येते, पण असा करार नवख्याला क्वचितच मिळतो आणि मिळाला तरी ऑक्टोबर ते जून एवढाच. दुसरा प्रकार ‘कोकोको’ या गमतीदार नावाने ओळखला जातो. तो नोकरी आणि व्यवसाय यांच्या मधला असून त्यात निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा एक तृतीयांश भाग शिक्षकाकडून आणि दोन तृतीयांश शाळेकडून जातो. तिसरा आणि शाळांना सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे तुम्ही स्वतःचा ‘पार्तीता ईवा’, म्हणजे व्यावसायिक करक्रमांक, काढायचा आणि शाळेला दरमहा बिल द्यायचे.

या तिसऱ्या प्रकारात तासाचा दर मोठा दिसतो आणि माणसे तिथेच फसतात. समजा, तासाला २२ युरो ठरले, आठवड्याला २० तास मिळाले आणि वर्षात ३८ आठवडे शिकवले. वर्षाचे बिल १६,७२० युरो झाले. लहान व्यावसायिकांसाठी असलेल्या ‘फोर्फेत्तारियो’ पद्धतीत खर्चाच्या पावत्या मोजत नाहीत. शिक्षणाच्या व्यवसायात बिलाच्या ७८ टक्के रक्कम उत्पन्न मानतात, म्हणजे इथे १३,०४२. त्यावर ‘इन्प्स’ या सामाजिक सुरक्षा संस्थेची २६.०७ टक्के वर्गणी, सुमारे ३,४०० युरो. ती वजा जाता उरलेल्या रकमेवर नव्या व्यवसायाला पहिली पाच वर्षे ५ टक्के कर, म्हणजे सुमारे ४८२ युरो, आणि पाच वर्षांनंतर १५ टक्के. हाती राहिले १२,८३८, महिन्याला साधारण १,०७०, आणि त्यातून करसल्लागाराचे शुल्क अजून जायचेच आहे. शिकवलेल्या प्रत्येक तासामागे तयारी, वह्या आणि प्रवास मिळून चाळीस मिनिटे धरली, तर कामाच्या प्रत्येक खऱ्या तासाला दहा युरोंच्या आसपास पडतात. आठवड्याला २० तास हा अंदाजही उदार आहे, हे पत्नीच्या अनुभवावरून सांगतो.

हा हिशेब स्थिरावलेल्या वर्षाचा आहे. पहिल्या वर्षी काहीच भरावे लागत नाही, म्हणून माणूस खुशीत असतो. मग पुढच्या जूनमध्ये मागच्या वर्षाची संपूर्ण वर्गणी व कर आणि त्यावर चालू वर्षाचा आगाऊ हप्ता असे दोन्ही एकदम येतात. नेमका तेव्हाच शाळांचा हंगाम संपलेला असतो. आमच्या घरी त्या जूनमध्ये जे वातावरण होते त्याचे वर्णन करत नाही. प्रत्येक बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याला हात न लावणे, एवढा एकच उपाय आम्हाला सापडला.

काही शाळा ‘पहिल्या वर्षी प्रासंगिक काम म्हणून दाखवू’ असे सुचवतात. त्यात शाळा २० टक्के कर कापून उरलेले पैसे देते आणि वर्षाला ५,००० युरोंपर्यंत इन्प्सची वर्गणी लागत नाही, म्हणून ते आकर्षक वाटते. पण ऑक्टोबर ते जून दर मंगळवारी आणि गुरुवारी चालणाऱ्या वर्गाला प्रासंगिक म्हणता येत नाही, आणि प्रश्न निघाला तर कागदावर सही तुमचीही असते.

जाता जाता एक गंमत: ७७.४७ युरोंपेक्षा मोठ्या बिलावर दोन युरोंचे मुद्रांक लागते. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून मी बराच शोध घेतला, तर ते जुने दीड लाख लीरा निघाले. लीरा जाऊन इतकी वर्षे झाली तरी प्रत्येक बिलावर तिची सावली आहे.

सुटलेला तास

मी या व्यवसायातून बाहेर पडलो आहे. बोलोन्यात चार वर्षे भाषाशाळेतर्फे कारखान्यांत शिकवले आणि आता त्याच परिसरातल्या एका कारखान्यात तांत्रिक लेखन करतो. पडवीताईंनी परीक्षांचा मार्ग सांगितला तो योग्यच आहे, पण माझ्या मते त्यांनी या शहराची खरी बाजू सांगितली नाही, म्हणून लिहीत आहे.

बोलोन्याच्या आजूबाजूला वेष्टनयंत्रे बनवणारे कारखाने इतके आहेत की या पट्ट्याला ‘पॅकेजिंग व्हॅली’ म्हणतात. चहाच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटे, सिगारेटी, चॉकलेटे भरणारी यंत्रे इथून जगभर जातात आणि त्यांच्यासोबत यंत्रे बसवणारे व दुरुस्त करणारे लोकही जातात. त्यांना प्रमाणपत्र नको असते. त्यांना रात्री अकरा वाजता आलेला फोन घेता यायला हवा असतो, आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला लंडनचा माणूस जवळजवळ कधीच नसतो. तो तुर्कस्तानचा, मेक्सिकोचा, व्हिएतनामचा, आणि कितीतरी वेळा आपल्याच देशाचा असतो. मला पहिला वर्ग मिळाला तो याच कारणाने. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी विचारले, “आमच्या मुलांना भारतीय ग्राहकांचे बोलणे कळत नाही, तुम्ही त्यांना ते शिकवाल का?” उभ्या आयुष्यात माझ्या उच्चारांची अशी कदर कोणी केली नव्हती.

तिथे शिकवायचे काय, तर आधी खोटे मित्रशब्द. एका तंत्रज्ञाने ग्राहकाला लिहिले होते की ‘इव्हेंच्युअली आम्ही माणूस पाठवू’. इटालियनमध्ये ‘एवेन्तुआलमेन्ते’ म्हणजे ‘गरज पडलीच तर’. ग्राहकाने इंग्रजी अर्थ घेतला, माणूस येणारच असे धरले आणि तीन आठवडे वाट पाहून चिडून फोन केला. ‘कोन्त्रोल्लारे’ म्हणजे तपासणे, म्हणून ते ‘यंत्र कंट्रोल करा’ लिहितात, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस कुठले बटण दाबायचे ते शोधत बसतो. ‘काल्दो’ म्हणजे गरम आणि ‘कोल्ड’ म्हणजे थंड, हे तर गोंद वितळवणाऱ्या यंत्रापाशी उभे राहून शिकवावे लागते. याची पाठ्यपुस्तके नाहीत. मी त्यांचेच जुने ईमेल, ग्राहकांची नावे खोडून, वर्गात वापरत असे.

अडचण आहे ती अंतराची. शहरातल्या शहरात तुम्ही एका तासाहून दुसऱ्या तासाला कमानींच्या पडव्यांखालून भर पावसात छत्रीशिवाय चालत जाऊ शकता. सगळ्या मिळून साठेक किलोमीटर भरतात आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. कारखाने मात्र ओत्झानो, बेन्तिवोल्यो, कालदेरारा अशा बाहेरच्या गावांत आहेत. सकाळी आठचा तास म्हणजे साडेसहाला घर सोडणे. शाळा प्रवासाचे भाडे देते, प्रवासाचा वेळ देत नाही. हिशेबनीस यांची चाळीस मिनिटे माझ्या बाबतीत दीड तास होती, आणि मी बाहेर पडलो त्याचे कारण तेच. पण बाहेर पडून जिथे पोहोचलो तो दरवाजाही त्याच वर्गांनी दाखवला, हे नाकारत नाही.

अनुस्वार

तिघांचेही मनापासून आभार. हिशेबनीस यांचा आकडा पतींना दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की घरभाडे माझ्या पदावर बसवू, तुझ्या कमाईवर काहीच बसवायचे नाही. ते मला पटले.

एका शाळेकडून उत्तर आले आहे. कोकोको करार, तासाला १७ युरो, आठवड्याला ‘दहा ते अठरा तास’, आणि सप्टेंबरमध्ये प्रौढांच्या वर्गासमोर वीस मिनिटांचा चाचणी तास. सेल्टा आहे का, असे त्यांनी विचारले आहे. चाचणी तासाला काय घ्यावे?

पडवी

आधी सेल्टा. किमान १२० तासांचा अभ्यासक्रम आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवण्याची परीक्षा, एवढ्यासाठी तो मोलाचा आहे, आणि जिथे आडनावावरून प्रश्न पडतो तिथे तो कागद निम्मे प्रश्न मिटवतो. पण तुमच्या हाती एक शाळा आलेली असताना निघण्याच्या धांदलीत तो करू नका. ‘या हिवाळ्यात करणार आहे’ असे त्यांना खरे तेच कळवा. काही शाळा आपल्या शिक्षकांना त्याच्या शुल्कात मदत करतात, तेही विचारता येईल.

कराराबद्दल त्यांना चार गोष्टी लेखी विचारा: तास साठ मिनिटांचा की पन्नास, विद्यार्थ्याने चोवीस तासांच्या आत रद्द केलेल्या तासाचे पैसे मिळतात का, सुट्टीमुळे बुडालेला तास पुढे भरून काढतात का, आणि ‘दहा ते अठरा’मधले दहा तरी नक्की आहेत का. बोलोन्याचा ग्रामदेवताच म्हणावा अशा सान पेत्रोनियोचा सण ४ ऑक्टोबरला येतो, म्हणजे वर्ग सुरू होतात न होतात तोच पहिला बिनपगारी दिवस. ही कुरबूर माझी जुनी आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

चाचणी तासाला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ घ्या. प्रत्येक इटालियन प्रौढ ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत दहा वर्षांपासून चालू असलेली गोष्ट वर्तमानकाळातच सांगतात. आपणही ‘मी इथे दहा वर्षांपासून राहते’ असेच म्हणतो, नाही का? त्यामुळे ही चूक तुम्हाला आतून कळते. फळ्यावर इटालियन वाक्य लिहा, त्याखाली मराठी वाक्य इटालियन अक्षरांत लिहून त्याचा शब्दशः अर्थ सांगा, आणि मग इंग्रजीच कशी एकटी वेगळी वागते ते दाखवा. माझ्या अनुभवात इथपर्यंत वर्ग हसायला लागतो आणि संचालक मागच्या बाकावर लिहिणे थांबवतात. हाच धागा पुढे नेता येतो. पाऊस पडतो आहे हे सांगताना त्यांना कर्ता लागत नाही, म्हणून ते ‘इज रेनिंग’ एवढेच म्हणतात; ‘लोक’ला त्यांच्याकडे एकवचनी शब्द आहे, म्हणून ‘पीपल इज’ येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा, आणि ही आपल्या बाजूची आहे. मराठीत ‘व’ एकच, पण इटालियन माणसाच्या कानाला इंग्रजीतले दोन्ही वेगळे ऐकू येतात, कारण त्याच्या भाषेत दोन्ही ध्वनी आहेत. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ आपण सारखेच उच्चारतो हे त्याच्या लगेच ध्यानात येते, आणि या देशात तो शब्द टाळताही येत नाही. महिनाभर आरशासमोर तेवढा सराव करा. याउलट शब्दारंभीचा ‘ह’ त्यांना जमत नाही, ते ‘हंग्री’ आणि ‘अँग्री’ यांची गल्लत करतात. तिथे तुम्ही निश्चिंत.

अनुस्वार

चारही प्रश्न आजच पाठवले. तास पन्नास मिनिटांचा आहे आणि रद्द झालेल्या तासाचे पैसे मिळतात, असे उत्तर आले. ‘दहा तरी नक्की का’ याचे उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. चाचणी तासाची तारीख १७ सप्टेंबर ठरली आहे. ‘वाइन’चा सराव सुरू केला आहे आणि शेजारच्या खोलीतून पती उच्चार तपासत आहेत.